मांजराचे मागचे पाय अचानक गेले तर आधी पंजांना हात लावून बघा

खिडकीतली_माऊ | ७ जुलै, रात्री ११.२०

आमचा गब्बू गेल्या रविवारी गेला. सहा वर्षांचा होता. साधा देशी बोका, राखाडी पट्ट्यांचा, डोंबिवलीच्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली जन्मलेला. त्याच्याच वेताची बहीण बबडी घरात आहे. तिच्यासाठी मला तुमची मदत हवी आहे, आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे माहीत असायलाच हवं असं वाटतं, म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

पहाटे पाचला स्वयंपाकघरातून ओरडणं ऐकू आलं. भांडणातलं ओरडणं नव्हे. असा आवाज मी त्याच्या तोंडून सहा वर्षांत ऐकला नव्हता. जाऊन बघते तर पुढच्या दोन पायांवर अंग ओढत फ्रिजमागे शिरायची धडपड चालली होती आणि मागचे पाय ओल्या फडक्यासारखे फरफटत येत होते. ओट्यावरची खिडकी उघडी, पावसाने कठडा ओला. आम्ही धरून चाललो की घसरून पडला, कंबरेत लागलं.

साडेसातला जवळच्या दवाखान्यात नेलं. "पडला" असं आम्हीच सांगितलं, त्यामुळे तपासणीही त्याच दिशेने गेली. एक्स-रे काढला. मणका ठीक दिसतोय, नसेला मार असेल म्हणाले, सूज उतरायचं इंजेक्शन दिलं आणि सोमवारी परत बोलावलं. पंजे कुणीच हातात घेऊन पाहिले नाहीत. त्यांनीही नाही आणि आम्हीही नाही.

घरी आल्यावर तो तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला. दुपारी सासूबाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी सहज त्याचा मागचा पंजा हातात धरला आणि मला हाक मारली. "अगं, याचे पाय गार पडलेत. पुढचे ऊन आहेत बघ." मी हात लावला. फ्रिजमधून काढलेली वस्तू धरावी तसे होते.

तेवढ्यावर गाडी करून मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पुढचा आणि मागचा पंजा शेजारीशेजारी धरून मला दाखवला. पुढच्याची गादी गुलाबी, मागच्याची जांभळट राखाडी. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली, नाडी लागली नाही. मागच्या पायाचं एक नख आत जिवंत भागापर्यंत कापलं, रक्ताचा थेंबही आला नाही. मग टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाच्या भिंती जाड झालेल्या, डावीकडचा वरचा कप्पा फुगलेला, आणि त्या कप्प्यात रक्त धुरासारखं गरगरत होतं. कोंदट खोलीत उदबत्तीचा धूर जसा हलायचा म्हणून हलतो, तसं. तिथेच गुठळी झाली होती आणि तिथून सुटलेली गुठळी महाधमनी जिथे दोन्ही पायांकडे फुटते त्या जागी खोगिरासारखी बसली होती.

अंगाचं तापमान ९६ होतं. सकाळपासून बारा तास उलटलेले. संध्याकाळी आम्ही त्याला झोपवायला संमती दिली. माझा हात त्याच्या डोक्यावर होता.

आता माझे प्रश्न:

आम्ही घाई केली का? सकाळीच कळलं असतं तर वाचला असता का?

काल बबडीची इको केली. तिच्याही भिंती जाड आहेत आणि डावा कप्पा मध्यम मोठा आहे. बाकी ती खाते, पिते, खेळते. क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या औषधाची चतकोर गोळी रोज द्यायला सांगितली आहे. पहिल्याच दिवशी तिने इतका फेस काढला की मी घाबरले. कशी देता तुम्ही?

आणि आम्ही त्यांना लहानपणी दूध-पोळी घालत होतो. त्याने हे झालं का?

---

कृष्णाकाठ | ८ जुलै, सकाळी ६.५०

ताई, गब्बूबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. मी सांगलीकडे पशुवैद्य आहे. निम्मं काम गाई-म्हशींचं, निम्मं कुत्र्या-मांजरांचं. जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

तुम्ही वर्णन केलेल्या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात, बोलताना सगळे एचसीएम म्हणतात. मांजरांमधला हा सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार. अभ्यासांत साधारण दर सात मांजरांमागे एकात तो सापडतो. त्यातली बरीच मांजरं पूर्ण आयुष्य काढतात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. हृदयाची भिंत आतल्या बाजूला जाड होते. स्नायू आखडतो जोरात, पण सैल नीट पडत नाही. खालच्या कप्प्यात जागा कमी, म्हणून वरच्या कप्प्यातलं रक्त पुढे सरकत नाही, तो फुगतो. त्याला एक छोटी पिशवी असते, त्या पिशवीत रक्त थबकतं. थबकलेलं रक्त गोठतं. तुम्ही पडद्यावर पाहिलेला धूर म्हणजे हीच सुरुवात.

आता पायांचं. नुसती धमनी तुंबल्याने पाय जात नाहीत, ही गोष्ट फारशा लोकांना माहीत नसते. पूर्वी प्रयोगांत मांजराची महाधमनी त्या जागी नुसती बांधून पाहिली होती, तेव्हा पाय लुळे पडले नाहीत, कारण आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी रक्त पोचवलं. गुठळी बसते तेव्हा मात्र तिच्यातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, सेरोटोनिन आणि थ्रॉम्बोक्सेन ही रसायनं सोडतात, त्याने त्या बारीक वाहिन्याही आवळून बसतात. म्हणून पाय एकदम गार, पांढुरके, बिननाडीचे, लुळे आणि अतिशय दुखरे. दुखणं किती असतं हे तुम्ही त्या ओरडण्यात ऐकलंच आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सकाळी लवकर कळलं असतं तर त्याच्या वेदना बारा तास आधी थांबवता आल्या असत्या, एवढं नक्की. तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. दोन्ही पाय पूर्ण गेलेले आणि तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली, हे दोन्ही एकत्र आले की आशा फार कमी उरते. तुमचा गब्बू तर ९६ वर होता. गुठळी विरघळवायची औषधं माणसात चालतात तशी इथे उपयोगी ठरलेली नाहीत. शिवाय रक्त एकदम परत सुरू झालं की मेलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम हृदयाकडे धावतं आणि जनावर तिसऱ्या दिवशीही अचानक जातं. तुम्ही घाई केली नाहीत.

आणखी एक सांगतो. ज्यांना गुठळीचा झटका येतो त्यातल्या बहुतेक मांजरांना हृदयविकार आहे हे त्या दिवसापर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. स्टेथोस्कोपने दरवेळी मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू येतोच असं नाही. तेव्हा "आमच्या लक्षात कसं आलं नाही" हे मनातून काढून टाका.

दूध-पोळीचं संध्याकाळी लिहितो, ओपीडी सुरू होते आहे.

---

सह्याद्री_७७ | ८ जुलै, सकाळी ८.१५

वाईट झालं. आमच्या गावी अशा मांजराला वारं गेलं म्हणतात. आजी मोहरीचं तेल कोमट करून पाय चोळायची, गरम विटेचा शेक द्यायची. एकदोन मांजरं उठलेली मी स्वतः पाहिली आहेत.

---

कृष्णाकाठ | ८ जुलै, सकाळी ८.४०

चोळू नका, शेकू नका, हे मोठ्या अक्षरात लिहितो असं समजा. त्या पायात रक्त नाही. शेकाची उष्णता वाहून न्यायला काही नसतं, त्यामुळे कातडी भाजते. आणि संवेदना गेलेली असेल तर मांजर पाय मागेही घेत नाही. चोळण्याने आधीच मरत चाललेल्या स्नायूला आणखी मार बसतो.

उठलेली मांजरं असतात, आजींनी पाहिलं ते खोटं नव्हे. एक पाय गेला असेल किंवा थोडी हालचाल शिल्लक असेल तर काही दिवसांत आपोआप सुधारतात. तेल लावलं नसतं तरी ती उठली असती.

घरी करायचं एवढंच: खोक्यात मऊ चादर, त्यात अलगद उचलून ठेवा, दवाखान्यात फोन करून "मागचे पाय गार आहेत, नाडी लागत नाही" असं याच शब्दांत सांगा आणि निघा. दवाखान्यात आधी जोरदार वेदनाशामक, मग ऑक्सिजन, मग बाकी सगळं.

माणसांची कुठलीही दुखण्याची गोळी वाटेत देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

---

तीन_पायांची_राणी | ८ जुलै, दुपारी १.०५

माझी राणी याच आजारातून वाचली होती, म्हणून दुसरी बाजू लिहिते. डावा मागचा पाय गेला होता, उजवा चालू होता. नाशिकला चार दिवस ठेवलं. घरी आली तेव्हा पाय उलटा टेकायची, पंजाची वरची बाजू फरशीवर घासली जायची. मी जुन्या मोज्याचं टोक कापून तिला चढवत असे. टाचेजवळची कातडी काळी पडून गळाली, त्याखाली नवी आली. दोन महिन्यांनी पाय सरळ पडायला लागला, पण जोर कधीच पूर्ण आला नाही. माझं सदस्यनाम तेव्हाचं आहे, चौथा पाय होता तरी मुलं तिला तीन पायांची म्हणत.

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. उन्हात झोपली, कबुतरांवर दात वाजवले, माझ्या मांडीवर बसून टीव्ही पाहिला. शेवटी छातीत पाणी भरलं.

माऊताई, तुमचा निर्णय चुकला असं मी अजिबात म्हणत नाही. राणीचं तापमान १०० होतं आणि एकच पाय होता. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की दोन्ही असते तर त्यांनी प्रयत्न करा म्हटलं नसतं.

गोळीबद्दल: क्लोपिडोग्रेल भयंकर कडू. चतकोर तुकडा उघडा जिभेला लागला की फेस येणारच, ती ॲलर्जी नव्हे. औषधांच्या दुकानात रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूल मिळतात, सगळ्यात लहान घ्या. आत तुकडा घाला, बाहेरून तुपाचं बोट फिरवा, जिभेच्या मुळाशी ठेवा. वरून सिरिंजने थोडं पाणी किंवा चिकनचं अळणी पाणी पाजाच, कारण कोरडी कॅप्सूल मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते. मी आठवड्याच्या सात कॅप्सूल रविवारी भरून डबीत ठेवायचे.

---

आडवाटेने | ८ जुलै, दुपारी ३.३०

क्लोपिडोग्रेलपेक्षा इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनची गोळी, स्वस्त आणि घरोघरी असते. रक्त पातळ करायचं दोन्हीचं काम एकच ना? माझ्या वडिलांना दोन्ही एकत्र चालू आहेत. मांजराला तेच थोडं दिलं तर?

---

कृष्णाकाठ | ८ जुलै, रात्री ९.४५

नको. मांजराच्या यकृतात ॲस्पिरिन बाहेर टाकणारी यंत्रणा कमजोर असते. माणसात काही तासांत उतरणारं औषध मांजरात दीड दिवसाने निम्मं होतं. म्हणून पूर्वी तीन दिवसांतून एकदा देत. रोज दिलं तर साचून पोटात रक्तस्राव होतो.

आणि तुलना झालेली आहे. एका झटक्यातून वाचलेल्या ७५ मांजरांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ॲस्पिरिन, निम्म्यांना क्लोपिडोग्रेल. पुन्हा गुठळी होईपर्यंतचा मध्यक काळ ॲस्पिरिनवर १९२ दिवस आणि क्लोपिडोग्रेलवर ४४३ दिवस निघाला. तेव्हापासून या प्रश्नाचा निकाल लागला असं आम्ही मानतो. ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर, म्हणजे १८.७५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. पण इको करून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही. ज्या मांजराचा कप्पा फुगलेला नाही तिला त्याची गरज नसते.

आता दूध-पोळी. गब्बूचा आजार त्याने झालेला नाही. एचसीएम बहुतांशी आनुवंशिक मानतात, दोन भावंडांत सापडणं त्याला धरूनच आहे. पण दूध-पोळी, दूध-भातावर वाढणाऱ्या मांजराला दुसरा हृदयविकार होऊ शकतो, त्यात भिंती पातळ होऊन हृदय फुगतं. कारण टॉरिन. हे द्रव्य मांस, मासे, काळीज यांत असतं. कुत्रा आणि माणूस ते शरीरात तयार करतात, मांजराला पुरेसं करता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातले पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं की या फुगलेल्या हृदयाच्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असतं आणि ते दिलं की हृदय पूर्ववत होतं. हृदयाचा आजार मागे फिरतो असं आमच्या धंद्यात क्वचित पाहायला मिळतं. त्यानंतर कंपन्यांनी तयार खाद्यात टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. आता दिसतो तो घरच्या शाकाहारी जेवणावर ठेवलेल्या मांजरांत. आपल्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. मांजर वरण-भात आवडीने खातं म्हणून ते तिला पुरतं असं नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर निदान टॉरिन असलेलं तयार खाद्य द्या, ही माझी हात जोडून विनंती आहे.

---

उंबरठा | ९ जुलै, सकाळी ११.१०

सगळं खरं, पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. टू डी इको, रक्ततपासण्या, जन्मभर गोळ्या. आमच्यासारख्या घरात माणसाचीच इको पुढे ढकलली जाते. दारातल्या चार मांजरांना खाऊ घालणाऱ्याने काय करायचं?

---

तीन_पायांची_राणी | ९ जुलै, सकाळी ११.५०

श्वास मोजायचे. त्याला पैसे लागत नाहीत. मला आमच्या डॉक्टरांनी शिकवलं ते सांगते.

मांजर गाढ झोपलं असेल तेव्हा, जागं किंवा घुरघुरत असताना नाही, स्वप्नात मिशा हलत असतील तेव्हाही नाही. छाती वर आली आणि खाली गेली की एक. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. तीसच्या आत असेल तर ठीक. राणीचे नेहमी १८ ते २२ असायचे. एका रात्री ३४ झाले, तासाने मोजले ३८. ती शांत झोपलेली दिसत होती, खाल्लंही होतं. तरी सकाळची वाट न बघता नेलं, छातीत पाणी होतं. लघवीवाटे पाणी काढायची गोळी सुरू झाली आणि त्या खेपेला ती वाचली.

मांजर धाप लागली तरी दाखवत नाही. कुत्र्यासारखं जीभ काढून बसत नाही, कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन गप्प बसतं. म्हणून आकडाच बघायचा.

---

लॅबवाली | ९ जुलै, संध्याकाळी ७.२०

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, आमच्याकडे प्राण्यांचे नमुनेही येतात. एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते कारण लोक रिपोर्ट बघून घाबरून फोन करतात.

मांजराच्या रिपोर्टवर प्लेटलेट ४०,००० वगैरे आल्या तर लगेच रक्तस्रावाचा आजार समजू नका. मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात आणि नळीत चटकन एकमेकींना चिकटून पुंजके होतात. मशीन पुंजक्याला एक पेशी धरतं किंवा मोजतच नाही. काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. दहापैकी बऱ्याच वेळा पुंजकेच दिसतात. कॅव्हेलियर किंग चार्ल्स जातीच्या कुत्र्यांतही असंच, त्यांच्या प्लेटलेट जन्मतःच मोठ्या आणि संख्येने कमी असतात, काम मात्र चोख करतात.

देशी कुत्र्याच्या काचेवर खऱ्याच कमी दिसल्या तर मात्र आमच्या मनात पहिली शंका गोचिडीची. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतू. पावसाळ्यात आणि नंतर असे नमुने रांगेने येतात.

---

पठारावर | ९ जुलै, रात्री १०.००

लॅबवाली यांनी विषय काढला म्हणून. आमच्या शेतावरच्या वाघ्याचा घोळणा फुटला होता. नाकातून थेंब थेंब रक्त, थांबता थांबेना. आम्हाला वाटलं काटा शिरला. हिरड्यांवर आणि पोटावर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके होते. गोचीड ताप निघाला. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक पूर्ण २८ दिवस दिलं. पाचव्या दिवशी उड्या मारायला लागला तेव्हा बंद करायचा मोह झाला होता, डॉक्टरांनी करू दिलं नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीची वाघी मात्र गेली, आणि ती आमच्या हलगर्जीपणामुळे. गोदामात उंदरांसाठी ब्रोमाडायोलोनच्या वड्या टाकल्या होत्या. तिने कधी खाल्ल्या कुणाला कळलं नाही. चार दिवस ठणठणीत. मग मलूल झाली, खोकली तर गुलाबी फेस. तोवर छातीत रक्त साचलं होतं. हे विष लगेच काही करत नाही, शरीरातलं के जीवनसत्त्व अडवतं आणि रक्त गोठवणारे घटक संपले की मग आत रक्त सुटतं, हे मला नंतर समजलं. खाताना कुणी पाहिलं असतं तर के-वन च्या गोळ्यांनी ती सहज वाचली असती.

गोदामाच्या कुलपाची किल्ली आता माझ्याच कमरेला असते.

---

कृष्णाकाठ | १० जुलै, सकाळी ६.३०

पठारावर, तुम्ही लिहिलंत त्याचे आभार. भर घालतो. के-वन तीन-चार आठवडे द्यावं लागतं, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांनी रक्त गोठायचा वेळ तपासायचा, मगच सुटका. के-थ्रीचं इंजेक्शन दुकानात मिळालं तरी या विषावर चालत नाही. आणि दवाखान्यात जाताना विषाचं पाकीट बरोबर न्या. झिंक फॉस्फाइडची काळी पूड असेल तर तो पूर्ण वेगळा मामला, तिथे के-वनचा काही उपयोग नाही.

---

पोमची_आई | १० जुलै, दुपारी २.१५

कुत्र्याच्या हृदयाचं इथेच विचारते. आमची पॉमेरेनियन अकरा वर्षांची. रात्री झोपेतून उठून खोकते, घशात अडकल्यासारखं करते, पण काही पडत नाही. डॉक्टर म्हणाले झडप गळतेय. इकोत हृदय मोठं झालंय, पण छातीत पाणी नाही. पिमोबेंडन लिहून दिलंय. धाप लागत नसताना आत्ताच औषध का?

---

कृष्णाकाठ | १० जुलै, रात्री ९.१०

लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत डावीकडची झडप जाड होऊन गळणं हा अगदी नेहमीचा आजार. मांजराचा आणि याचा संबंध नाही, तिथे स्नायू बिघडतो, इथे झडप. आणि कुत्र्याच्या हृदयात मांजरासारखी गुठळी सहसा होत नाही. कप्पा फुगला म्हणून कुत्र्याचे पाय असे सहसा जात नाहीत.

"आत्ताच का" याला चांगलं उत्तर आहे. २०१६ साली एपिक नावाचा अभ्यास आला, ३६० कुत्र्यांचा. हृदय मोठं झालंय पण अजून पाणी भरलेलं नाही, नेमकी तुमच्या पॉमसारखी अवस्था. पिमोबेंडन घेतलेल्या कुत्र्यांना पाणी भरायची वेळ सरासरी पंधरा महिने उशिरा आली. अकरा वर्षांच्या कुत्रीला पंधरा महिने म्हणजे किती, याचा हिशेब तुम्हीच करा. गोळी उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर.

मात्र पॉमना श्वासनळी चपटी होण्याचाही त्रास असतो. बदकासारखा आवाज करत खोकत असेल, गळपट्टा ओढला की वाढत असेल, तर तो खोकला हृदयाचा नसेलही. झोपेतले श्वास तिचेही मोजा, आकडा तोच, तीसच्या आत.

---

ट्रेंटनहून | ११ जुलै, सकाळी ५.४०

न्यू जर्सीहून लिहितो. आमचा मेन कून आहे. या जातीत एचसीएमचं एक जनुक २००५ साली सापडलं, रॅगडॉलमध्ये दुसरं २००७ साली. आम्ही गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देऊन चाचणी केली, निगेटिव्ह आली, निर्धास्त झालो. चार वर्षांनी इकोत आजार निघाला. त्या एका जनुकाची चाचणी निगेटिव्ह म्हणजे आजारच होणार नाही असं नाही, हे तेव्हा कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. भारतात आता पर्शियन आणि मेन कूनची पिल्लं खूप विकत घेतली जातात म्हणून सांगतो. आईबापांची इको झाली आहे का, हे विचारा.

मार्च २०२५ मध्ये इथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, सिरोलिमस, म्हणजे रॅपामायसिन, लक्षणं नसलेल्या एचसीएमच्या मांजरांसाठी सशर्त मंजूर केलं. आठवड्यातून एकदा गोळी. हृदयाची जाड भिंत आणखी वाढू नये हा हेतू. सशर्त म्हणजे पूर्ण पुरावा अजून गोळा होतो आहे. आमच्या डॉक्टरांशी बोलणं चालू आहे.

---

खिडकीतली_माऊ | ११ जुलै, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. डॉक्टरसाहेब, "तुम्ही घाई केली नाहीत" हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून देवाजवळ दिवा लावला. आठ दिवस त्यांनी स्वयंपाकघराची ती खिडकी उघडली नव्हती. आज उघडली.

कॅप्सूल मिळाल्या. तुपाचं बोट फिरवून दिली. फेस नाही.

---

उंबरठा | १२ जुलै, सकाळी ७.००

काल रात्री दारातल्या चारांपैकी तिघांचे श्वास मोजले. २०, २४, २२. चौथी पत्र्यावर झोपते, तिथे हात पोचत नाही. आज दुपारी बघतो.

---

खिडकीतली_माऊ | २ ऑगस्ट, रात्री ११.०५

बबडीची माहिती देते, काहींनी विचारलं होतं.

थायरॉइड आणि रक्तदाब दोन्ही तपासले, कारण त्यांच्यामुळेही भिंती जाड होऊ शकतात. दोन्ही ठीक आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा इको. ती वॉशिंग मशीनवर झोपते, तिथेच मोबाइलच्या उजेडात रोज रात्री मोजते. पहिल्या आठवड्यात मी दर दोन तासांनी उठत होते, आता एकदाच. सासूबाई दुपारच्या झोपेत मोजतात आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या खाली लिहितात. त्या प्रत्येक वेळी आधी तिचे चारही पंजे हातात धरून बघतात.

आज दुपारी २४. आत्ता २१. पंजे ऊन आहेत.